जोडीला दुसरा पोपट आणावा का?

पाणकणीस

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी माझे काका गेले आणि त्यांचा पोपट आमच्याकडे आला. आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, लालभडक शेपूट, नाव पंत. काकांनी तो १९९६ साली घेतला. लग्न केलं नव्हतं त्यांनी, त्यामुळे त्या घरात बोलणारे दोघंच, काका आणि पंत.

पंत काकांच्या आवाजात बोलतो. "कोण आहे?" असं विचारतो तेव्हा आवाज इतका त्यांचा असतो की माझी आई सुरुवातीला त्या खोलीत जायचीच नाही. काकांचा खोकलाही तो खोकतो, शेवटच्या वर्षातला, घरघरणारा. बाकी सगळ्याला आम्ही सरावलो, त्या खोकल्याला अजून नाही. आणि रोज दिवेलागणीला एक शीळ घालतो. दोन सूर वर चढतात, तिसरा खाली घसरत जातो. ही शीळ काकांची नव्हती, आमच्यापैकीही कोणाची नाही.

आता अडचण. गेले दोन महिने पंत छातीवरची पिसं उपटतोय. गुलाबी कातडी दिसायला लागलीय. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्वचा तपासली, आजार काही निघाला नाही. त्यांचं म्हणणं, तो एकटा पडलाय. खरंच आहे ते. काका दिवसभर घरात असायचे, आम्ही सगळे सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळी येतो.

ओळखीतून एक पक्षी विकणारे गृहस्थ भेटले. ग्रेचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे त्यांच्याकडे. घरातच जन्मलेलं, पायात कडं आहे, कागदपत्रं आहेत. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. त्या रात्री सहज वाचायला बसले तर कळलं की ही जात २०१६ पासून संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. मला हे माहीतच नव्हतं. तेव्हापासून विचारच करतेय.

माझे प्रश्न दोन. पंतसाठी पिल्लू आणावं का? आणि खरं सांगायचं तर दुसरा प्रश्न जास्त टोचतोय: पंत आमच्या घरात असणं हेच चूक आहे का?

गवतफुला

अगं आण की. बिचारा जीव एकटा आहे. आमच्याकडे दोन बजरीगार होते, सतत एकमेकांना खेटून. एक गेला तेव्हा दुसऱ्याने आठ दिवस धड खाल्लं नाही. पक्ष्याला पक्षीच हवा.

रानवाट

थोडं थांबा, पाणकणीस. पिल्लाचं ठरवण्याआधी एवढं वाचा.

ग्रे पोपटाची अवस्था आपण समजतो त्यापेक्षा फार वाईट आहे. १९७५ ते २०१३ या काळात रानातून पकडलेले १३ लाखांहून अधिक ग्रे परदेशी पाठवल्याची नोंद आहे. ही फक्त कागदावरची, कायदेशीर व्यापाराची नोंद. पकडताना, खोक्यात कोंबताना, वाटेत जे मेले ते यात धरलेले नाहीत, आणि चोरून नेलेलेही नाहीत. घानामध्ये अभ्यासकांनी जुन्या रातथाऱ्यांवर, म्हणजे पक्षी रात्री एकत्र मुक्काम करतात त्या जागांवर, जाऊन मोजणी केली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथले ९० ते ९९ टक्के पक्षी नाहीसे झाले होते. ज्या तीन रातथाऱ्यांवर पूर्वी प्रत्येकी सातशे ते बाराशे पक्षी उतरत, तिथे मिळून १८ दिसले.

पकडण्याची पद्धत सांगतो, कारण ती कळल्याशिवाय हे आकडे मनाला लागत नाहीत. एका पाळीव ग्रेला झाडावर बांधतात. आजूबाजूच्या फांद्यांना चिकट लासा लावतात. बांधलेला पोपट ओरडतो. आपल्यातलाच कोणी हाका मारतोय म्हणून थवा उतरतो आणि चिकटतो. ज्या गुणासाठी आपल्याला पोपट आवडतो, एकमेकांना धरून राहणं, हाकेला ओ देणं, त्याच गुणावर तो पकडला जातो.

२०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने ग्रेला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, टाकलं. जानेवारी २०१७ पासून रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. पण तोवर थवेच्या थवे रिकामे झाले होते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पंतच्या पायात कडं आहे का? आणि काकांनी आणला तेव्हा त्याचे डोळे कोणत्या रंगाचे होते?

पाणकणीस

कडं नाही. डोळे आता पिवळे आहेत. तेव्हाचे कसे आठवणार, मी लहान होते. काकांच्या अल्बममध्ये शोधते. पण का विचारताय?

सोनपंख

मी तेवीस वर्षं पोपटांची पैदास करतोय, तेव्हा माझी बाजू मांडतो. चोरट्यांसारखं बोलू नका आमच्याशी, एवढीच विनंती.

माझ्याकडचं प्रत्येक पिल्लू अंड्यातून माझ्या डोळ्यांसमोर बाहेर आलेलं आहे. अगदी लहान असतानाच त्याच्या पायात बंद कडं चढतं. मोठ्या पक्ष्याच्या पायात ते चढवताच येत नाही, म्हणून तो जन्माचा पुरावा. लोकांना पोपट हवे आहेत, ही हौस कोणाच्या सांगण्याने संपणारी नाही. ती घरच्या पैदाशीतून भागली तर रानातल्या ढोलीत हात घालायची कोणाला गरज उरत नाही. दुसरं, स्पिक्सचा मकाव, ब्राझीलचा निळा पोपट, आज जगात आहे तो फक्त पिंजऱ्यांमुळे. रानात एकही उरला नव्हता. पैदास करणाऱ्यांनी सांभाळले नसते तर तो पक्षी फक्त संग्रहालयात भुसा भरून दिसला असता. हेही सांगा लोकांना.

माघवारा

मी माझं सांगते. मला हे लिहायला सहा वर्षं लागली.

आमच्याकडे काकाकुवा होता, पांढरा. अडीच महिन्यांचा असताना घेतला. पहिली चार वर्षं तो माझ्या खांद्यावरच वाढला. मग वयात आला. पोपटवर्गातले बरेच पक्षी एकच जोडीदार धरतात, आणि त्याने मला धरलं. माझा नवरा खोलीत आला की त्याच्या अंगावर झेप. मुलीच्या ओठाला तीन टाके पडले. मी दिसेनाशी झाले की तो ओरडायचा, आणि काकाकुव्याचं ओरडणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. शेजारी येऊन भांडून गेले. मग मी त्याला जास्त वेळ पिंजऱ्यात ठेवायला लागले, तर त्याने स्वतःची छाती फोडली. पिसं नाही, कातडी.

शेवटी मी त्याला एका सांभाळ केंद्रात दिला. तिथे माझ्यासारख्यांचेच पक्षी होते, रांगेने. प्रत्येकाच्या पिंजऱ्यावर कारण लिहिलेलं. "मालक वारले." "बाळ झालं." "आवाज." "चावतो." त्याला तिथे सोडून निघाले तर तो मागून माझ्या मुलीच्या आवाजात "आई" म्हणाला.

सोनपंख, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. माझ्या पक्ष्याच्या पायातही कडं होतं, कागद होते. पण कडं हे सांगतं की तो रानातून आलेला नाही. तो पाळीव झालाय असं कडं सांगत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसासोबत राहून कुत्रा झाला. माझा काकाकुवा रानातल्या पक्ष्यापासून एक-दोन पिढ्याच दूर होता. पिंजरा बदलला होता, पक्षी तोच होता.

मुक्तछंद

मग उत्तर सरळ आहे. पिंजऱ्याचं दार उघडा. कोणत्याही सजीवाला कैद करायचा हक्क आपल्याला नाही. पंतला सोडून द्या.

रानवाट

मुक्तछंद, भावना समजते, पण कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. तीस वर्षं वाटीतून खाल्लेला पक्षी बाहेर दोन-चार दिवस टिकेल. त्याला खाणं शोधता येत नाही, शिकारी पक्षी ओळखता येत नाही, थवा नाही. आणि टिकलाच तर ज्या भूमीवर त्याची जात कधी नव्हती तिथे तो दुसऱ्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावणार, वर पिंजऱ्यातले रोग पसरवणार.

एक उलटं उदाहरण मात्र आहे, ते लपवत नाही. पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा त्याच्या मूळ बेटांवर पिंजऱ्यांच्या मागणीमुळे जवळजवळ संपलाय. पण हाँगकाँग शहरात पाळीव पक्ष्यांमधून सुटलेल्यांचा एक थवा रुजलाय, दीडशे-दोनशेच्या घरात. जगात उरलेल्यांचा तो साधारण दहावा हिस्सा. इमारतींच्या मधल्या बागांमध्ये जगातल्या एका नष्टप्राय पक्ष्याचा एवढा मोठा थवा राहतो, हे वाचून मला आनंद व्हावा की वाईट वाटावं हे अजून ठरलेलं नाही. पण ते असंख्य पक्ष्यांमधून टिकलेले थोडे होते, आणि तसं हवामान, तशी झाडं त्यांना मिळाली. पंत एकटा आहे.

सोनपंख, तुमच्या मुद्द्यांना सविस्तर उत्तर लिहितोय, रात्री टाकतो.

पाणकणीस

फोटो सापडला. मागे काकांच्या अक्षरात तारीख आहे, घरी आणला त्याच दिवसाची. पंत पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाळीला पाठ लावून बसलाय. डोळे पिवळे आहेत. स्पष्ट दिसताहेत.

आईला विचारलं. ती म्हणाली, सुरुवातीला तो जवळ गेलं की गुरगुरायचा, कुत्र्यासारखा. काकांनी चार-पाच महिने नुसतं पिंजऱ्याजवळ बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं, हात लावला नाही. मग एका दिवशी तो स्वतः जाळीजवळ आला. ही गोष्ट आमच्या घरात काकांच्या चिकाटीची म्हणून सांगतात.

रानवाट

ग्रेच्या पिल्लांचे डोळे काळपट असतात. पुढे ते राखाडी होत होत पिवळे होतात, त्याला वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणजे पंत तुमच्याकडे आला तेव्हा पिल्लू नव्हता. कडं नाही. गुरगुरणं ही भेदरलेल्या ग्रेची खूण. आणि १९९६ हे साल. या सगळ्याचा अर्थ तुम्हाला कळला असेलच. बहुधा तो रानातून पकडलेला आहे.

शिळेबद्दल मी काही ठामपणे म्हणणार नाही. पण ग्रे रानात दिवेलागणीला शेकड्यांनी एका जागी उतरतात आणि अंधार पडेपर्यंत एकमेकांना शिळा घालत राहतात.

पाणकणीस

काका वाईट माणूस नव्हते.

रानवाट

नव्हतेच. तेव्हा हा व्यापार बहुतांशी कायदेशीर होता, दुकानात पाटी लावून चालायचा. विकणाऱ्याने सांगितलं नसणार आणि काकांनी विचारलं नसणार. तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, एवढाच फरक आहे. पंतला परत पाठवायची वाट आता नाही. तो तुमच्याकडे असणं चूक नाही, त्याला नीट सांभाळणं हे उलट तुमच्या वाट्याला आलेलं काम आहे. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो. तेव्हा तुमच्यानंतर तो कोणाकडे जाईल हेही आताच लिहून ठेवा.

चाफेकळी

तुमच्या त्या फोटोच्या वर्णनाने रडू आलं.

रानवाट

आता सोनपंखांना.

स्पिक्सच्या मकावाची गोष्ट तुम्ही शेवटाकडून सांगितलीत. मी सुरुवातीपासून सांगतो. ब्राझीलच्या कोरड्या काटेरी रानात, ओढ्याकाठच्या मोजक्या झाडांच्या ढोल्यांमध्ये राहणारा निळा पक्षी. युरोपीय शास्त्रज्ञाला तो पहिल्यांदा १८१९ मध्ये मिळाला. आधीच थोडे होते, रान तुटत गेल्याने आणखी कमी झाले, आणि दुर्मिळ झाले तशी संग्राहकांची मागणी वाढली. १९८० च्या दशकात शोधकांना तीन दिसले, तेही पकडले गेले. १९९० मध्ये एकच नर सापडला. त्याने वेगळ्याच जातीच्या मादीशी जोडी जमवली होती, कारण स्वतःच्या जातीचं कोणी उरलंच नव्हतं. १९९५ मध्ये पिंजऱ्यातली एक मादी त्याच्यासाठी सोडली. काही आठवड्यांत ती नाहीशी झाली. २००० साली तो नरही दिसेनासा झाला.

उरलेले पक्षी निरनिराळ्या देशांत खाजगी मालकांकडे. त्यांना एकत्र आणून पैदास करायला १९९० मध्ये समिती बनली, आणि मालकांच्या आपसातल्या बेबनावाने ती २००२ मध्ये मोडली. त्याच २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका घरात एक स्पिक्स मकाव निघाला. नाव प्रेस्ली. वर्षानुवर्षं घरातला साधा पाळीव पक्षी म्हणून राहिला होता, जगात त्याच्यासारखे किती उरलेत हे कोणाच्या ध्यानीमनी नसताना. त्याला ब्राझीलला परत नेलं. २०१४ मध्ये तो मेला, एकही पिल्लू मागे न ठेवता.

पुढची बाजू तुमची, आणि ती मी मान्य करतो. बंदिवासातली पैदास शेवटी यशस्वी झाली. २०२० मध्ये जर्मनीहून ५२ पक्षी ब्राझीलला पोचले, जून २०२२ मध्ये पहिले आठ मोकळे सोडले, आणि पुढे रानात पिल्लंही झाली. ज्यांनी हे केलं त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण २०२५ मध्ये तिथल्या पक्ष्यांमध्ये चोच आणि पिसांचा विषाणू निघाला, आणि सगळं पुन्हा टांगणीला लागलं.

म्हणजे पिंजऱ्याने वाचवला हे खरं, आणि शेवटचे तीन पिंजऱ्यासाठीच उचलले गेले हेही खरं. शिवाय जे काम झालं ते वंशावळी जुळवून, पक्षी एकमेकांकडे देऊन, माणसाची सवय कमीत कमी लावून झालं. घरात खांद्यावर बसणारं, चमच्याने भरवलेलं पिल्लू त्या कामात येत नाही. अमेरिकेत १९८६ ते १९९३ मध्ये जाड चोचीचे ८८ पोपट ॲरिझोनाच्या डोंगरात सोडले. त्यातले हाती वाढलेले थव्यात मिसळेनात, देवदारासारख्या झाडांचे शंकू त्यांना फोडता येईनात, शिकारी पक्ष्यांनी त्यांना टिपलं. प्रयत्न सोडून द्यावा लागला. दुकानातली पैदास आणि रानासाठीची पैदास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली विकताना दुसरीचं नाव घेऊ नये, एवढं माझं म्हणणं आहे.

कागदांबद्दलही. २००० ते २०१० या काळात सॉलोमन बेटांवरून ५४,००० हून अधिक पक्षी बाहेर गेल्याची नोंद आहे. त्यातले कित्येक "बंदिवासात जन्मलेले" म्हणून नोंदले गेले, आणि एवढी पैदास करणारी केंद्रंच त्या बेटांवर नव्हती. तुमचे कागद खरे असतील, मला शंका नाही. विकत घेणाऱ्याला मात्र खरा कागद आणि खोटा कागद सारखाच दिसतो.

सोनपंख

ॲरिझोनाचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

पण एक सांगा, बंदीने तरी काय झालं? युरोपने २००५ साली बर्ड फ्लूच्या भीतीने रानपक्ष्यांची आयात थांबवली, २००७ मध्ये कायमची केली. मागणी गेली का? आमच्यासारख्यांनीच ती भागवली ना?

रानवाट

त्या बंदीनंतर जगातला रानपक्ष्यांचा कायदेशीर व्यापार सुमारे ९० टक्क्यांनी घटला. लाखो पक्षी दरवर्षी पकडले गेले नाहीत. मागणी काही प्रमाणात दुसऱ्या देशांकडे सरकली आणि काही तुम्ही भागवलीत. दोन्ही मान्य. म्हणून तर मी पैदास उद्या बंद करा म्हणत नाही. ज्या जाती रानात भरपूर आहेत आणि पिढ्यान् पिढ्या बंदिवासात वाढल्यात, बजरीगार, कॉकटिएल, त्यांची गोष्ट वेगळी. संपत चाललेल्या जातीची मागणी वाढवू नका, एवढंच.

सोनपंख

एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो, कारण इथे सगळे मोकळेपणाने बोलताहेत. पूर्वी मी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं विकायचो. लोकांना वाटायचं हाताने भरवलं की जीव जास्त लागतो. मग एका घरातून फोन आला, खीर जास्त गरम होती, गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजून आरपार भोक पडलं. पिल्लू वाचलं नाही. तेव्हापासून दाणे स्वतः फोडायला शिकल्याशिवाय मी एकही पिल्लू देत नाही. पण ते पिल्लू माझ्या हातून गेलेलं होतं.

चाफेकळी

मला एका बाजूचं बोलायचंय, ती राहून जातेय. ढोलीत हात घालणारा माणूस. फांदीला लासा लावणारा गरीब असतो, आणि किमतीतला सगळ्यात लहान वाटा त्याचा. त्याला रान सगळ्यात जास्त माहीत असतं. फिलिपिन्समध्ये पालावानजवळच्या रासा बेटावर काकाकुव्यांची पिल्लं चोरणाऱ्यांनाच राखणदार नेमलं. कोणत्या झाडात घरटं आहे, पिल्लं कधी बाहेर येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तिथले पक्षी वाढले.

ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात अभ्यासक नेइवा गेदेस यांनी १९९० पासून निळ्या हायसिंथ मकावावर काम केलं. हे मकाव बहुतेक घरटी एकाच जातीच्या झाडात करतात, मांदुवी. त्यात मावेल एवढी ढोली व्हायला झाड साठ वर्षांचं व्हावं लागतं. त्यांनी झाडांवर लाकडी पेट्या बांधल्या आणि कुरणांच्या मालकांना आपल्या बाजूला वळवलं. गंमत अशी, म्हणजे मला तरी हे फार सुंदर वाटतं, की त्या झाडाच्या बिया मोठ्या प्रमाणावर पसरवतो तो टुकान हा मोठ्या चोचीचा पक्षी, आणि तोच टुकान मकावाची अंडी खातो. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. हे पिंजऱ्यात कसं बसवणार?

गवतफुला

मी वर पटकन "आण की" म्हटलं होतं. आता तसं वाटत नाही. पण मग पंतच्या एकटेपणाचं काय? तो प्रश्न तसाच राहिला की सगळ्यांच्या बोलण्यात.

माघवारा

त्याचंच लिहायला आले. मी आता महिन्यातून दोनदा त्या केंद्रात काम करायला जाते. पाणकणीस, हे आधी करून पाहा.

झोप: रोज दहा-बारा तास, अंधारात, शांततेत. टीव्ही असलेल्या खोलीत नाही. खाणं: काका नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देत असतील तर ते बदला, हळूहळू. ग्रेला कॅल्शियम फार लवकर कमी पडतं. ॲव्होकॅडो, चॉकलेट कधीच नाही. न चिकटणाऱ्या थराची भांडी तापवू नका, त्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो. आणि वाटीत खाणं ठेवणं थांबवा. कागदात गुंडाळा, लाकडात भोकं पाडून लपवा. रानात त्याचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो. तुम्ही वाटी भरून ठेवली की दिवसभर त्याने काय करायचं? चोच चालवायला काहीतरी लागतं, मग ती छातीवर चालते.

आणि पक्षी आणायचाच तर मोठा आणा, ज्याचं घर गेलंय असा. तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे नोंद करून. आधी विषाणूची तपासणी, मग दीड महिना वेगळ्या खोलीत. पिंजरे कायम दोन. जमलं तर जमलं. दोन ग्रे एकमेकांना आवडतीलच असं नाही, माणसांचं तरी कुठे असतं.

गवतफुला

आणि अंडी घातली तर?

माघवारा

खोटी अंडी मिळतात, ती बदलून ठेवायची. पक्षी काही दिवस उबवतो आणि सोडून देतो. मला ते करताना वाईट वाटतं, तरी मी करते.

दवबिंदू

उशिरा येतेय. अॅलेक्स नावाच्या ग्रेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून तो घेतला. तीस वर्षांत त्याने शंभराच्या आसपास शब्द समजून वापरले, रंग, आकार, सहापर्यंत आकडे. दोन वस्तूंमध्ये वेगळं काय विचारलं तर "रंग" म्हणायचा, काहीच वेगळं नसेल तर "काही नाही". २००७ मध्ये गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता. आपल्याकडे न समजता बोलण्याला पोपटपंची म्हणतात, तो शब्द मी तेव्हापासून वापरलेला नाही.

दुसरं, व्हेनेझुएलात चिमुकल्या हिरव्या पोपटांवर अभ्यास झाला, २०११ च्या सुमाराचा. आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लासाठी वेगळी हाक वापरतात. पिल्लं दुसऱ्या घरट्यात ठेवली तर ती पाळणाऱ्या आईबापांनी दिलेली हाक शिकतात. म्हणजे नावच.

आणि एक विनंती. पंतचे काकांच्या आवाजातले व्हिडिओ कुठे टाकू नका. मोह होईल, आणि लाखो लोक बघतील. त्यातल्या काहींना वाटेल, आपल्यालाही असा हवा.

पाणकणीस

एक टाकला होता, घरच्यांच्या गटात. तिथून पुढे गेला असेल. काढलाय.

पाणकणीस (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. ज्यांनी लिहिलं त्यांना कळवायला हवं.

पिल्लू आणलं नाही. त्या गृहस्थांना सरळ कारण सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही नाही घेतलंत तर दुसरं कोणी घेईल. घेतलंही असेल.

पंतची खोली बदलली. सूर्यफूल सुटायला नऊ आठवडे लागले. आता रोज सकाळी निघण्याआधी मी अर्धा तास कागदाच्या पुड्या बांधते, आई फांद्या आणून देते. दुपारी आई त्याच्याजवळ बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचते. हे तिचं तिनेच सुरू केलं.

माघवारा यांच्याशी बोलून एका सांभाळ केंद्रातून एक ग्रे आणली. मादी आहे, वय वीसच्या पुढे. तिचे मालक वारले, नातेवाइकांना पक्षी नको होता. चोच आणि पिसांच्या विषाणूची तपासणी दोनदा केली, दोन्हीदा स्वच्छ. सोनपंख यांनी पिंजऱ्याच्या जाळीचं अंतर, दांड्यांची जाडी, सगळं फोनवर समजावलं, आणि पैसे विचारले तर रागावले. त्यांचं आणि माझं पुष्कळ बाबतीत पटत नाही, पण हे लिहायलाच हवं. आम्हा घरच्यांनंतर पक्षी कोणाकडे जातील तेही लिहून दिलंय, माझ्या भाचीच्या संमतीने.

दीड महिना ती वेगळ्या खोलीत होती. आता दोघांचे पिंजरे एकाच खोलीत, मध्ये हातभर अंतर. मैत्री वगैरे झालेली नाही. पहिल्या आठवड्यात पंतने तिच्याकडे पाठ फिरवून घेतली होती. आता बघतो. छातीवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत राखाडी लव उगवलीय. फोटो टाकत नाहीये, दवबिंदू.

ती दिवसातून चार-पाचदा "सुमा" अशी हाक मारते. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आहे, शेवटचा सूर लांबवून. आमच्या घरी सुमा कोणी नाही. केंद्रातल्या मुलीला विचारलं, तिने मालकांच्या नातेवाइकांना विचारून पाहिलं, त्यांनाही कोणी आठवेना. काल दिवेलागणीला पंतने शीळ घातली. ती हाक मारता मारता थांबली, मान वाकडी केली, आणि तो पुन्हा शीळ घालेपर्यंत गप्प राहिली.